सरकीतून पेटलेलं युद्ध

कापसाचं एक बोंड घ्या आणि नुसत्या बोटांनी सरकी वेगळी करून बघा. रुई सरकीला अशी चिकटून बसलेली असते की चार बोंडांतच बोटं दुखायला लागतात. सेनगाव-कळमनुरीकडच्या काळ्या रानात ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना हे सांगायला नको. या चिवट सरकीवर एकदा तोड निघाली आणि त्यातून अमेरिकेत गुलामी फोफावली, देश दुभंगला आणि त्या युद्धाचा पैसा थेट आपल्या मुलखापर्यंत येऊन पोचला.

१७९३ साली एली व्हिटनी नावाच्या तरुणाने सरकी काढायचं यंत्र बनवलं. हाताने दिवसाला जेमतेम एक पौंड रुई निघायची, यंत्रावर पन्नास पौंड निघू लागली. यंत्र आलं की मजूर कमी लागतात, असं आपलं साधं गणित. इथे ते पार उलटं पडलं. सरकी काढणं सोपं झालं, पण लावणी, खुरपणी, वेचणी हातानेच करावी लागे. इंग्लंडच्या गिरण्यांना कितीही कापूस दिला तरी कमीच पडे. मग दक्षिणेतल्या मळेवाल्यांना आणखी जमीन हवी झाली आणि ती कसायला आणखी गुलाम. १७९० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये जवळजवळ ४० लाख. तेही १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला कायद्याने बंदी असताना! जुन्या राज्यांतली माणसं मिसिसिपी-अलाबामाच्या कापूसपट्ट्यात विकली गेली. नवरा एका मळ्यात, बायको दुसऱ्या, पोर तिसऱ्याच मालकाकडे.

उत्तरेकडच्या राज्यांनी तोवर टप्प्याटप्प्याने गुलामी मोडीत काढली होती. मग एका देशात दोन कायदे कसे नांदले? कागदावरच्या कसरतींनी. संसदेच्या जागा ठरवताना ५ गुलाम म्हणजे ३ माणसं धरायची, असं राज्यघटनेतच लिहिलेलं होतं. गुलामाला मत नाही, पण त्याच्या डोक्यामागे मालकाच्या राज्याचं वजन वाढतं! त्यामुळे पश्चिमेला नवं राज्य झालं की वाद ठरलेला: इथे गुलामी चालणार की नाही? १८२० मध्ये नकाशावर रेघ ओढून तडजोड झाली. १८५४ च्या कायद्याने ती रेघ पुसली आणि कॅन्ससमध्ये दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांच्या जिवावर उठले. १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात निकाल दिला की आफ्रिकी वंशाचा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही.

१८६० ची निवडणूक लिंकन जिंकला. त्याचं म्हणणं तसं बेताचंच होतं: जिथे गुलामी आहे तिथे राहो, नव्या प्रदेशात नको. दक्षिणेला तेवढंही सोसलं नाही. २० डिसेंबर १८६० ला साउथ कॅरोलायना फुटली, पाठोपाठ इतर, अशी शेवटी ११ राज्यं. हे युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी होतं, असं पुढे बरंच सांगितलं गेलं. मला ती पश्चातबुद्धीची सारवासारव वाटते, कारण मिसिसिपीने फुटताना काढलेल्या जाहीरनाम्यात आपली बाजू गुलामीशी बांधलेली आहे, हे उघडपणे लिहून ठेवलं आहे.

१२ एप्रिल १८६१ ला समटर किल्ल्यावर तोफा सुटल्या. त्या भडिमारात एकही माणूस मेला नाही. पुढच्या चार वर्षांत सहा लाखांहून अधिक मेले.

आता आपल्या बाजूला या. हिंगोलीत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. फौज निजामाच्या खर्चाची, अधिकारी इंग्रज. या फौजेच्या पगाराची बाकी थकत गेली आणि १८५३ मध्ये निजामाला पैनगंगेपलीकडचा वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. हिंगोली निजामाकडेच राहिली, पण नदीपलीकडची कपाशीची जमीन गेली. आणि आठच वर्षांत त्या जमिनीचा भाव जगाला कळला.

लिंकनने दक्षिणेची बंदरं रोखून धरली. ब्रिटनचा तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस तिथून यायचा, तो आटला. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या आणि लिव्हरपूलला भाव जवळजवळ चौपट झाला. आपला आखूड धाग्याचा गावरान कापूस तिथल्या विणकरांना मुळीच आवडत नसे, पण आता तोच हवा झाला. मुंबईत पैशाचा पूर आला. लोकांनी कापसात पाणी नि माती मिसळून वजन इतकं वाढवलं की १८६३ मध्ये या लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला. प्रेमचंद रायचंद सट्ट्याचा राजा झाला, आणि बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेने शस्त्रं खाली ठेवली आणि सगळा फुगा फुटला. प्रेमचंदही बुडाला. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्याच्याच देणगीतला, आईच्या नावाचा.

तिकडे गुलाम मुकाट बसून सुटकेची वाट पाहत नव्हते. मळे सोडून ते उत्तरेच्या फौजांकडे पळाले आणि १ जानेवारी १८६३ च्या मुक्तीच्या जाहीरनाम्यानंतर हजारोंनी भरती झाले. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक लिंकनच्या बाजूने उभे राहिले होते. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामी कायद्याने संपली.

मुंबईने या युद्धातून पैसा वेचला. पुण्यात जोतीराव फुल्यांनी मात्र त्यातून वेगळंच काही घेतलं. १८७३ मध्ये त्यांचं ‘गुलामगिरी’ आलं, आणि ते त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. पुस्तक घरात असेल तर अर्पणपत्रिकेचं ते पान एकदा आवर्जून वाचा.