अंगाला लावायचं तेल छातीत नको



आपली पोरं शिक्षणाला, नोकरीला ठाणे, कल्याण-डोंबिवलीकडे खोल्या करून राहतात. ई-सिगारेटचा द्रव घरीच बनवून वासासाठी त्यात सुगंधी तेल घालण्याचा खुळा नाद कुणालाही लागू शकतो, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

अंगाला चालतं ते छातीला चालेलच असं नाही. तेल फुप्फुसात गेलं की सूज येते, दम लागतो. ई-जीवनसत्त्वाचं तेल त्वचेला लावतात. पण अमेरिकेत २०१९-२० मध्ये वाफ ओढणारी २,८०० वर माणसं आजारी पडली, ६८ दगावली, तेव्हा मुख्य संशय याच तेलावर आला. आपल्याकडे ई-सिगारेटचं उत्पादन, विक्री, साठा २०१९ पासून कायद्यानं बंद आहे.

पोरगं सणाला घरी आलं की रागावू नका, जवळ बसवून विचारा. खोकला, धाप असेल तर डॉक्टरांपासून काही लपवू नका.