पाच लाख किलोमीटर पळालेली पिकअप: विकायची की इंजिनाचं काम काढायचं?

बार्शीच्या बाजार समितीत तूर-ज्वारीच्या हंगामात गेलात, तर पोत्यांच्या थप्पीशेजारी एमएच-१३ पासिंगच्या जुन्या पिकअप दिसतातच. काहींचं मीटर कधीच बंद पडलंय. कर्ज फिटलेलं असतं, म्हणून भाड्याचा पैसा हप्त्यात जात नाही. मग एक दिवस मेकॅनिक म्हणतो, “मालक, इंजिन खोलावं लागतंय.” आता काय करायचं?

आधी व्हॉट्सॲपवरचा गैरसमज दूर करू. “१५ वर्षं झाली की गाडी भंगारात” हे सरसकट खरं नाही. जुन्या डिझेल गाड्यांवरच्या बंदीचा वाद दिल्ली आणि आसपासचा. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांनंतर नोंदणी रद्द होते, ती सरकारी वाहनांची. तुमच्या मालवाहू गाडीला ८ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस लागतो. पास झाली तर ती चालते. फक्त वयाबरोबर शुल्क वाढतं आणि ८ वर्षांनंतर राज्याचा पर्यावरण करही लागतो.

आता इंजिन. गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा. जोराचा वाफारा आणि निळा धूर म्हणजे रिंगा गेल्या. नुसता काळा धूर असेल, तर आधी एअर फिल्टर आणि नोझल बघा. तेवढ्यासाठी इंजिन खोलू नका.

खरं तर इंजिनं किलोमीटरने कमी आणि उष्णतेने जास्त मरतात. आपल्याकडे रेडिएटरमध्ये सर्रास बोअरचं पाणी ओततात. त्या क्षारांचा थर आत बसतो, नळ्या तुंबतात, उन्हाळ्यात भरलेली गाडी तापते आणि हेड गॅस्केट जातं. काट्यावरही विसंबू नका. पाणी पूर्ण संपलं, तर सेन्सर कोरडा पडून काटा खालीच राहू शकतो! कूलंट आणि जुने होज पाइप बदलणं त्यामानाने किरकोळ खर्चाचं.

दुसरा शत्रू ओव्हरलोड. दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरले, की पाटे बसतात आणि येडशीच्या घाटात ब्रेक तापतात. वर दंड २० हजार, शिवाय प्रत्येक जादा टनाला २ हजार. त्या एका फेरीचं भाडं किती येतं, ते तुम्हालाच ठाऊक.

आता हिशेब. समजा, काम ८० हजारांचं निघालं आणि गाडी पुढे दोन वर्षं चालली. महिन्याला सुमारे ३,३०० रुपये पडले. त्यात हंगामात बुडणारे दिवस मिळवा आणि मग नव्या गाडीचा हप्ता विचारा. बहुतेक वेळा जुनीच परवडते. पण चेसिसला तडा गेला असेल किंवा ती गंजून पोकळ झाली असेल, तर माझ्या मते एक रुपयाही घालू नये. चांगलं इंजिन तिथे वाया जातं.

काम काढायचंच असेल, तर जुलैमध्ये काढा. सप्टेंबरात उडीद यायला लागतो, मागोमाग सोयाबीन.