हौद्यातला पाहुणा

सकाळी साडेसातला घरासमोर झाड पाडणाऱ्यांचा ट्रक येऊन थांबला. मागे फांद्यांच्या ढलप्या करणारा चिपर जोडलेला. मला वाटलं, आता माणसं उतरतील, करवती काढतील आणि कामाला लागतील. पण पहिली वीस मिनिटं कोणी झाडाकडे बघितलंसुद्धा नाही. आधी चिपर सोडवून रस्त्याच्या कडेला उभा केला. मग ट्रक पुढे घेतला, वळवला आणि उलटा आणून आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी लावला. हौद्याची मागची दारं उघडली, अ‍ॅल्युमिनियमचे दोन लांबलचक रॅम्प अडकवले, आणि आतल्या अंधारातून रबरी पट्ट्यांवर चालणारं एक बुटकं यंत्र घरघरत बाहेर आलं. मागे छोट्या फळीवर एक पोरगा उभा होता. बसायला आसन नाही, डोक्यावर छत नाही. ते ड्राइव्हवेवर टेकल्यावर मुकादमाने पहिल्यांदा कॉफीचा घोट घेतला.

आमच्याकडचं झाड अ‍ॅशचं. डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा पूर्व आशियातला हिरवा भुंगा २००२ मध्ये इथेच, मिशिगनच्या आग्नेय कोपऱ्यात, पहिल्यांदा सापडला. त्याच्या अळ्या सालीखाली बोगदे करतात, झाडाचं अन्नपाणी तोडतात, आणि दोन-चार वर्षांत उभं झाड वाळतं. तेव्हापासून अमेरिकेत अ‍ॅशची कोट्यवधी झाडं गेली. वाळलेला अ‍ॅश ठिसूळ होतो, त्यावर दोर टाकून चढायला कसलेले चढणारेही राजी नसतात. आमच्या मागच्या अंगणात माणसाला पाळण्यातून वर नेणारा बकेट ट्रक नेणं शक्य नव्हतं, म्हणून चढणाऱ्याने आपला दोर शेजारच्या निरोगी ओकला बांधला आणि तिथून लोंबकळत अ‍ॅशची एकेक फांदी उतरवली. ती कसरत बघण्यासारखी होती, पण माझं लक्ष पुन्हा पुन्हा खालच्या त्या यंत्राकडे जात होतं.

कामावरची माणसं त्याला नुसतं ‘मिनी’ म्हणतात. आपल्याकडे नालेसफाईला जे उतरवतात आणि ज्याला सगळे सरसकट ‘बॉबकॅट’ म्हणतात, त्याचं हे धाकटं भावंड. पुढे दोन दणकट हात आणि त्या हातांना लाकूड पकडायचा पंजा, म्हणजे ग्रॅपल. रुंदी इतकीच की मागच्या अंगणाच्या तीन फुटी फाटकातून अंग चोरून जावं. टोरो कंपनीच्या डिंगो टीएक्स १००० मॉडेलचं वजन तीन हजार पौंडांच्या, म्हणजे साडेतेराशे किलोंच्या आसपास आहे आणि उचलायची क्षमता १००० पौंड. ती किती, हे समजायला ओल्या रेड ओकचा दोन फूट जाडीचा आणि चार फूट लांबीचा ओंडका डोळ्यांसमोर आणा. तो आठशे पौंडांच्या जवळपास भरतो. चार माणसांनी पहारी लावून, शिव्या देत तो रस्त्यापर्यंत गडगडत न्यायचा. मिनी तो पंजात धरते आणि कुत्र्याने तोंडात काठी धरून आणावी तशी घेऊन येते. फांद्यांचंही तसंच. खालची दोन माणसं एरवी दिवसभर फांद्या ओढत चिपरपर्यंत खेपा घालतात. झाड पाडण्यातली कंबरमोड खरी याच कामात आहे, वर चढण्यात नाही. मुकादमाचं म्हणणं होतं की मिनी आल्यापासून त्याच्याकडची पोरं दोन वर्षं तरी टिकतात, पूर्वी उन्हाळा संपला की पळायची.

या घराण्याच्या मूळपुरुषाची कथा मला आवडते. मिनेसोटा राज्यातल्या रॉथसे या गावात सिरिल आणि लुई केलर या भावांचं लोहारकामाचं आणि यंत्रदुरुस्तीचं दुकान होतं. जवळच एडी व्हेलो नावाचा शेतकरी टर्की पाळायचा. त्याचं खुराडं दुमजली, आत खांबच खांब. विष्ठा उपसायला ट्रॅक्टर आत वळेना, आणि वरच्या मजल्यावर चढवावा तर जमीनच खाली यायची. माडीवर नेता येईल इतकं हलकं आणि खांबांमधून जागच्या जागी गर्रकन फिरेल असं यंत्र त्याला हवं होतं. केलर बंधूंनी १९५७ मध्ये तीन चाकांचं यंत्र करून दिलं. पुढे दोन चाकं ओढणारी, मागे ऑफिसातल्या खुर्चीसारखं मोकळं फिरणारं एक. पुढच्या वर्षी ते मिनेसोटाच्या राज्य जत्रेत मेलरो कंपनीच्या मांडवात लोकांसमोर आलं, आणि नॉर्थ डकोटातल्या ग्विनर गावच्या या कंपनीने ते बनवायला घेतलं. १९६० च्या एम-४०० मॉडेलला चार चाकं आली आणि चारही ओढणारी. १९६२ मध्ये बॉबकॅट हे नाव पडलं. स्टिअरिंगने वळणारं एकही चाक त्यात नाही. एका बाजूची चाकं जोरात फिरवायची, दुसऱ्या बाजूची हळू किंवा उलटी, की यंत्र घसरत वळतं. कोणाच्या हिरवळीवर ते असं वळलं की खाली काय उरतं ते विचारू नका. म्हणून आमच्या अंगणात फाटकापासून झाडापर्यंत प्लायवुडचे तक्ते अंथरले होते.

उभ्याने चालवायचा छोटा अवतार नंतरचा. डिंगो हे नाव ऑस्ट्रेलियातून आलं आणि १९९० च्या दशकात टोरोने ते अमेरिकेत रुजवलं. टोरोही मिनेसोटाचीच. म्हणजे जे यंत्र माडीवर चढवता यावं म्हणून हलकं झालं, त्याला आता ट्रकवर चढवायचा प्रश्न आहे. नवी मिनी तीस-चाळीस हजार डॉलरला पडते. पैसे उभे करणं अवघड असतंच, पण ती घेतल्यावर रोज सकाळी वेगळाच प्रश्न उभा राहतो, की हिला न्यायची कशात?

झाडवाल्यांच्या ट्रकची रचना या प्रश्नाला अजिबात अनुकूल नाही. चिप ट्रकचा हौदा बंद पेटीसारखा असतो. चिपरच्या नळीतून उडणाऱ्या ढलप्या त्यात भरायच्या आणि संध्याकाळी हौदा उचलून रिकामा करायचा. मागच्या हुकाला चिपर जोडलेला, म्हणजे तो हुक गेला. मिनीला दुसरा ट्रेलर लावायचा तर दुसरी गाडी आणि दुसरा ड्रायव्हर हवा. तीन माणसांच्या धंद्यात तो कुठून आणणार? चिपरच्या मागे आणखी एक ट्रेलर लावायची कल्पना सगळ्यांना एकदा तरी सुचते. पण ट्रेलरमागे ट्रेलर ओढायला अनेक राज्यांत मनाई किंवा कडक अटी आहेत, आणि अशी आगगाडी गल्लीत उलटी घेऊन दाखवणारा ड्रायव्हर मी अजून पाहिलेला नाही.

काहीजण चिपर आणि मिनी दोन्ही मावतील असा एकच मोठा ट्रेलर घेतात. तिथे परवाना आडवा येतो. ट्रकची भारासह कमाल मर्यादा २६,००० पौंडांपर्यंत आणि ट्रेलरची १०,००० पर्यंत असेल, तर साध्या लायसन्सवर भागतं. ट्रेलर त्यापुढे गेला आणि दोघांची बेरीज २६,००१ झाली की वरच्या वर्गाचं व्यावसायिक लायसन्स लागतं. म्हणून तर इथे २५,९९९ पौंडांचे ट्रक विकले जातात. आपल्याकडे चपलांच्या दुकानात ९९९ ची पाटी असते ना, त्याच जातीचा आकडा! वरचं लायसन्स असलेला माणूस लांब पल्ल्याचा ट्रक चालवून जास्त कमावतो, तो ओल्या फांद्या ओढायला का येईल?

दुसरी युक्ती म्हणजे हौद्यामागे घडीचा फलाट लावून मिनी तिथे उभी करणं. दिसायला फार सुटसुटीत, पण जरा गणित मांडून बघा. ट्रकच्या पुढच्या आणि मागच्या आसात १५ फूट अंतर आहे आणि मिनीचं ३००० पौंड वजन मागच्या आसाच्याही सहा फूट मागे आहे असं धरा. सी-सॉवर मागे जाड माणूस बसला की पुढचं पोर वर जातं, तसा पुढच्या चाकांवरचा भार १२०० पौंडांनी हलका होतो आणि मागच्या आसावर ३००० ऐवजी ४२०० पडतात. त्यात चिपरच्या दांड्याचं वजन वेगळं. स्टिअरिंग हलकं लागायला लागतं, आणि ड्रायव्हरला आधी बरं वाटतं. मुळात तीच भीतीची गोष्ट आहे.

राहता राहिला रिकामा हौदा. आमच्याकडे आलेल्या टोळीने तोच मार्ग धरला होता. वजन दोन आसांच्या बरंचसं मधे येतं, जादा ट्रेलर नाही, जादा लायसन्स नाही. अडचण उंचीची. टोरोच्या पुस्तकात साधा नियम दिलाय, की रॅम्पची लांबी हौद्याच्या उंचीच्या किमान चौपट हवी, म्हणजे चढ १५ अंशांच्या आत राहतो. हौद्याचा तळ जमिनीपासून साडेतीन फूट असेल तर रॅम्प १४ फुटी झाला. तो वागवायचा कुठे, हा आणखी एक प्रश्न! मुकादमाने ट्रक आमच्या ड्राइव्हवेला का लावला ते मला तेव्हा उमगलं. आमचा ड्राइव्हवे गॅरेजकडे चढत जातो. रॅम्पचं टोक त्या चढावर टेकलं की उंचीतला फरक फूटभराने तरी कमी होतो. गल्लीत शिरताना तो झाडाआधी घरांचे ड्राइव्हवे बघत आला असणार.

चढवायचीही रीत आहे. जड बाजू नेहमी चढाच्या वरच्या अंगाला. पंजात काही नसेल तेव्हा इंजिनाकडची मागची बाजू जड, म्हणून मिनी उलटी चढते आणि सरळ उतरते. ही रीत विसरून सरळ चढवली तर अर्ध्यावर पुढचं तोंड आभाळाकडे जातं, आणि फळीवरचा पोरगा खालच्या बाजूला असतो. हौद्यात कालच्या ढलप्या उरल्या असतील आणि त्यावर पाऊस पडला असेल, तर रबरी पट्टे शेवाळलेल्या पायरीसारखे सटकतात. पोराने म्हणून चढायच्या आधी खराट्याने तळ झाडला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मग साखळ्या. हौद्याच्या तळाला लोखंडी कड्या वेल्ड केलेल्या होत्या, त्यातून पिवळट मुलाम्याच्या साखळ्या चार कोपऱ्यांना. संघीय नियमाप्रमाणे बांधलेला माल गतीच्या दिशेने ०.८ जी इतका धक्का सोसेल असा हवा. म्हणजे ट्रकने जोरात ब्रेक दाबला की ही तीन हजार पौंडांची पाहुणी २४०० पौंडांच्या जोराने केबिनकडे झेपावणार, आणि मधे फक्त पत्रा. साखळ्यांची एकूण भारक्षमता मालाच्या वजनाच्या निम्मी तरी हवी. इथे १५०० पौंड पुरतात, तर ५/१६ इंची ग्रेड ७० ची एकच साखळी ४७०० ची असते. तरी चार लावतात, कारण यंत्र पुढे जातं तसं आडवंही घसरतं. साखळी ताणायचं जुनं लिव्हरवालं बाइंडर मुकादमाने केव्हाच टाकून दिलं होतं. ते सोडताना दांडा उसळून हनुवटीवर बसतो. त्याच्या हनुवटीवर एक पांढरी रेघ होती. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. आता सगळीकडे दात्यांचं, हळूहळू पिळून ताणायचं बाइंडर होतं.

पण हा सगळा बंदोबस्त सकाळचा. माझ्या ध्यानात न आलेली गंमत दुपारी चारला कळली. सकाळी मिनी रिकाम्या हौद्यात बसून आली. दिवसभरात आमच्या अ‍ॅशच्या फांद्या, शेजाऱ्याची दोन लहान वाळकी झाडं आणि कुंपणाकडचं झुडूप चिपरने गिळलं, आणि हौदा ढलप्यांनी भरला. ओंडके शेजाऱ्याने शेकोटीला मागून घेतले. आता पाहुणीच्या खोलीत दुसरंच कोणी झोपलं होतं.

याला चार उत्तरं आहेत म्हणे. भरलेला ट्रक डेपोवर रिकामा करून मिनीसाठी परत यायचं, म्हणजे सव्वा तास आणि एका माणसाचा ओव्हरटाइम. किंवा मिनी रात्रभर गिऱ्हाइकाच्या दारात ठेवायची आणि रात्री झोपायचं नाही, कारण अशा यंत्राची चोरी सोपी असते, चोरालाही ट्रेलरच लागतो म्हणा. ज्यांच्याकडे पैसा आहे ते हुकवाला ट्रक घेतात, म्हणजे भरलेली पेटी खाली ठेवून सपाट फलाट उचलता येतो. चौथं उत्तर काय ते मुकादमाने थेट सांगितलं नाही. तो माझ्याजवळ आला, टोपी मागे सारली आणि फुलझाडांच्या वाफ्यांकडे कौतुकाने बघत राहिला. मग म्हणाला की वाफ्यांवर ढलप्या अंथरल्या की ओल टिकते, तण येत नाही, बाजारात विकत घ्यायला गेलात तर महाग पडतात, तुम्हाला फुकट देतो. मला त्याच्या उदारपणाचं इतकं अप्रूप वाटलं की मी हिला हाका मारून बाहेर बोलावलं.

ट्रकने हौदा उचलला. गरम, ओलसर, आंबूस वासाचा ढीग ड्राइव्हवेच्या बाजूला कोसळला, माझ्या छातीपर्यंत आला. पोराने खराट्याने हौद्याचा तळ झाडला, मिनी उलटी चढवली, चार साखळ्या आवळल्या, चिपर जोडला आणि पाच वाजायच्या आत ते गेलेसुद्धा.

त्या रात्री पुण्याला व्हिडिओ कॉल लावला तेव्हा आईला मागे खिडकीतून तो ढीग दिसला. ती म्हणाली, “अरे, झाड नेलं ना त्यांनी?” मी तिला मिनी, रॅम्प, साखळ्या सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. नंतर गुलाबांना, टोमॅटोला, मेपलच्या बुंध्याला, शेजारणीच्या तुळशीलासुद्धा अंथरून झालंय. अजून निम्मा ढीग शिल्लक आहे.