मनासाठी पूरक गोळ्या : परिणाम करते, ते औषधच

१९४९च्या सुरुवातीला अमेरिकेत हृदयविकाराच्या रुग्णांसाठी मिठाला पर्याय म्हणून एक वेगळे मीठ विकले जात होते. डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलेली माणसे ते जेवणावर हवे तेवढे भुरभुरून घेत. त्यात सोडियमऐवजी लिथियम होते. लवकरच अनेकांना विषबाधा झाली, काही जण दगावले आणि तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने ते मीठ बाजारातून काढायला लावले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या बुंदूरा इथल्या रुग्णालयातील डॉ. जॉन केड यांनी एक अहवाल प्रसिद्ध केला. उन्मादाने बेभान झालेल्या दहा रुग्णांना त्यांनी लिथियमचे क्षार दिले होते आणि ते शांत झाले होते. पुढे रक्तातील लिथियम नेमके मोजता येऊ लागले आणि हे औषध भरवशाने देता येऊ लागले. आज पाऊण शतकानंतरही बायपोलर आजारात त्याची बरोबरी करणारी औषधे मोजकीच आहेत.

पदार्थ एकच होता. जेवणात अंदाजाने पडला तेव्हा त्याने जीव घेतला. मोजून, तपासून दिला तेव्हा असंख्य संसार सावरले. बायपोलर असलेल्या माणसाने ओमेगा-३, अश्वगंधा, एनएसी किंवा ‘फोकस’ वाढवणारी कुठलीही बाटली हाती घेताना हा इतिहास आठवावा. जे मनावर परिणाम करते ते औषधच असते, मग बाटलीवर काहीही लिहिलेले असो. त्याला मात्रा असते, दुष्परिणाम असतात आणि दुसऱ्या औषधांशी त्याचे पटते किंवा पटत नाही.

पूरक गोळ्यांकडे पावले का वळतात?

या आजारात मन दोन टोकांना जाते. उन्मादाच्या काळात माणूस दोन-तीन तासांच्या झोपेवर ताजातवाना असतो, बोलणे थांबत नाही, पैसा उधळला जातो, मोठमोठे बेत आखले जातात. हे किमान आठवडाभर चालते. नैराश्याच्या काळात तोच माणूस दोन-दोन आठवडे, कधी महिनोन् महिने अंथरुणातून उठू शकत नाही. मधल्या काळात तो चारचौघांसारखा असतो आणि नेमका तेव्हाच प्रश्न पडतो : आता बरा आहे, मग गोळी कशाला?

गोळ्यांचा त्रासही खरा असतो. वजन वाढते, हात थरथरतात, सकाळी डोके जड असते. वाचलेले लक्षात राहत नाही, कामात लक्ष लागत नाही. या तक्रारी घेऊन गेलेल्या रुग्णाला ‘सहन करा’ एवढेच ऐकून परतावे लागले, तर तो मोबाइलवर उत्तर शोधणारच. तिथे ‘नैसर्गिक’, ‘दुष्परिणाम नाहीत’ अशी आश्वासने तयारच असतात. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्याकडे बायपोलरच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना उपचारच मिळत नाहीत. ही पोकळी भरायला बाजार टपलेला आहे.

पूरक गोळ्यांच्या डब्यांवर एक ओळ ठळकपणे छापावी लागते : हे उत्पादन औषध म्हणून वापरण्यासाठी नाही. हा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम आहे. ही उत्पादने अन्न म्हणून विकली जातात. आजारावर गुण येतो हे औषधासारखे सिद्ध करून दाखवण्याची सक्ती त्यांच्यावर नसते.

पुरावा काय सांगतो?

सर्वाधिक आशा लागली ती माशांच्या तेलातील ओमेगा-३ वर. १९९९मध्ये अमेरिकेत ३० रुग्णांवर चार महिन्यांचा अभ्यास झाला. नेहमीच्या औषधांसोबत रोज तब्बल १४ कॅप्सूल घेणाऱ्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला. पण २००६मध्ये सुमारे १२० रुग्णांवर ओमेगा-३मधील ईपीए हा घटक वापरून पाहिला, तेव्हा खोट्या गोळीपेक्षा काही फरक दिसला नाही. सगळे अभ्यास एकत्र पाहिल्यावर निघालेला निष्कर्ष असा, की नैराश्याच्या बाजूला थोडा उपयोग होऊ शकतो, उन्मादावर नाही. ईपीएचे प्रमाण जास्त असलेल्या तेलाचा परिणाम अधिक दिसतो, म्हणून डब्यावरचा ‘१००० मिलिग्रॅम फिश ऑइल’ हा आकडा फसवा आहे. त्यात ईपीए किती, हे पाहावे लागते. बांगडा, तारली खाणाऱ्या घरात हे घटक ताटातूनच मिळतात. जवसाच्या चटणीतले ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचे असते आणि शरीर त्याचा फार थोडा भाग ईपीएमध्ये बदलते. चटणी जरूर खावी, तिच्यावर उपचाराची भिस्त ठेवू नये.

एनएसी म्हणजे एन-ॲसिटिल सिस्टीनची कथा अशीच आहे. २००८मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल बर्क यांच्या गटाने ७५ रुग्णांना औषधांसोबत रोज दोन ग्रॅम एनएसी २४ आठवडे दिले, तेव्हा नैराश्याची लक्षणे उतरली. २०१९मध्ये त्याच गटाच्या मोठ्या अभ्यासात १६ आठवड्यांनंतर तो फायदा दिसला नाही. डेन्मार्कमधील अभ्यासातही निराशा आली. लहान अभ्यासात चमकलेली गोष्ट मोठ्या अभ्यासात फिकी पडते, हे वैद्यकात वारंवार घडते. जाहिरात मात्र पहिल्याच अभ्यासावर थांबते.

लक्ष लागण्याच्या बाबतीत अश्वगंधेवरचा अभ्यास खास आहे. पिट्सबर्गमधील डॉ. रॉय चेंगप्पा आणि सहकाऱ्यांनी तो २०१३मध्ये प्रसिद्ध केला. मनःस्थिती स्थिर असलेल्या, औषधे चालू असलेल्या ५३ रुग्णांना आठ आठवडे रोज ५०० मिलिग्रॅम अर्क किंवा खोटी गोळी दिली. ऐकलेले आकडे उलट क्रमाने सांगण्यासारख्या काही चाचण्यांत अश्वगंधेचा गट पुढे गेला. हा निकाल आशा वाढवणारा आहे, पण अभ्यास लहान आहे, दोन महिन्यांचा आहे आणि रुग्ण देखरेखीखाली होते. अश्वगंधेने थायरॉइडचे हार्मोन वाढू शकतात, यकृताला इजा झाल्याचीही उदाहरणे आहेत. वाढलेला थायरॉइड स्वतःच उन्मादासारखी लक्षणे दाखवतो.

‘वर’ ढकलणाऱ्या गोष्टी

साध्या नैराश्यात मन वर उचलणारी गोष्ट बायपोलरमध्ये मनाला दुसऱ्या टोकाला फेकू शकते. म्हणूनच मानसोपचारतज्ज्ञ या रुग्णांना नैराश्यविरोधी औषध एकटे देताना कचरतात. हाच धोका सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती आणि ‘सेम’ या नावाने मिळणाऱ्या गोळ्यांचा आहे. दोन्ही घेतल्यावर उन्माद उसळल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. सेंट जॉन्स वर्ट यकृतातील विकरांना जोर देऊन बायपोलरमध्ये दिल्या जाणाऱ्या क्वेटियापिनसारख्या औषधांची आणि गर्भनिरोधक गोळ्यांची रक्तातील पातळीही पाडते.

एनर्जी ड्रिंक आणि जिमआधी घ्यायच्या पावडरींत कॅफीन भरपूर असते. परीक्षेच्या दिवसांत त्यावर रात्री जागवल्या जातात, आणि झोपमोड हा उन्मादाचा सर्वांत ओळखीचा निमंत्रक आहे. लिथियम घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कॅफीनमुळे लिथियम लघवीवाटे जास्त जाते. म्हणून रोज चार कप कॉफी पिणाऱ्याने ती अचानक सोडली, तर रक्तातील लिथियम चढू शकते.

‘वनस्पती आहे, अपाय कसला?’ या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्याच इतिहासात आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे दाखवणारा अभ्यास १९४९मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला आणि ही भारतीय वनस्पती जगभर पोहोचली. तिच्यातून वेगळे केलेले रेझर्पिन मनोविकारांवरही वापरले गेले. मग रक्तदाबासाठी ते घेणाऱ्या काहींना तीव्र नैराश्याने गाठल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले. वनस्पतीत ताकद होती, म्हणूनच अपायही होता.

गोळीला गोळीची अडचण

सर्वांत डोळे उघडणारा अभ्यास फॉलिक आम्लाचा आहे. ते एक निरुपद्रवी जीवनसत्त्व मानले जाते. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डच्या जॉन गेडिस यांच्या गटाने बायपोलर नैराश्याच्या सुमारे २०० रुग्णांवर केलेला अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. क्वेटियापिनच्या जोडीला लॅमोट्रिजिन हे दुसरे औषध दिल्यावर नैराश्य कमी झाले. पण ज्यांना सोबत फॉलिक आम्ल दिले होते, त्यांच्यात हा फायदा दिसेनासा झाला. असे का होते, हे अजून उलगडलेले नाही. मल्टिव्हिटॅमिनच्या बहुतेक गोळ्यांत फॉलिक आम्ल असते. लॅमोट्रिजिन घेणाऱ्याने म्हणूनच ती गोळी डॉक्टरांना दाखवावी. गर्भवती किंवा बाळाचा विचार करणाऱ्या स्त्रीने मात्र फॉलिक आम्ल मनाने बंद करू नये. तिच्यासाठी संपूर्ण औषधयोजनाच आधी तज्ज्ञाकडून ठरवून घ्यायला हवी.

लिथियमचे गणित तर फारच नाजूक आहे. रक्तातील त्याची पातळी साधारण ०.६ ते १.० मिलीइक्विव्हॅलंट प्रतिलिटर असावी लागते आणि १.५च्या पुढे विषबाधेची भीती असते. मूत्रपिंड सोडियम आणि लिथियम जवळपास सारख्याच रीतीने हाताळते. त्यामुळे मीठ एकदम तोडणे, निर्जळी उपवास, जुलाब-उलट्या, भर उन्हातली पायपीट यांनी लिथियम साठत जाते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांनीही तेच होते. उलट इसबगोलाने त्याचे शोषण कमी होऊ शकते. लिथियमने काहींच्या रक्तात कॅल्शियम वाढते. अशा व्यक्तीने कॅल्शियमच्या गोळ्या किंवा ६० हजार युनिटांच्या व्हिटॅमिन डीच्या पुड्या तपासणीशिवाय महिनोन् महिने घेणे घातक आहे.

लक्ष का लागत नाही?

एकाग्रता वाढवणारी गोळी शोधण्याआधी ती कशाने घटली, हे शोधायला हवे. पूर्ण न गेलेले नैराश्य, अपुरी झोप, औषधाची जास्त मात्रा किंवा ती घेण्याची चुकीची वेळ ही नेहमीची कारणे आहेत. लिथियमने थायरॉइड मंदावू शकते आणि तेव्हा विचारही मंदावतात.

इथे एक पूरक गोळी खरोखर उपचार ठरते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६मध्ये दाखवले, की पुणे परिसरात तपासलेल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी होते. शाकाहारी जेवण हे त्याचे मोठे कारण. औषधांनी वाढलेले वजन आवरायला अनेक रुग्णांना मेटफॉर्मिन दिले जाते. दीर्घकाळ घेतल्यास तेही बी-१२ घटवते. बी-१२च्या कमतरतेने थकवा येतो, विसरायला होते, उदास वाटते. साध्या रक्ततपासणीत ती कळते आणि स्वस्तात भरून निघते. तपासून, कमतरता सापडल्यावर, मोजून दिलेली गोळी ही अशी असते.

मग करायचे काय?

• चालू औषध मनाने बंद करू नका. लिथियम अचानक थांबवल्यास उन्माद उसळण्याचा आणि आत्महत्येचा धोका वाढतो.

• घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णे, पावडरी, काढे एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. नावे सांगण्यापेक्षा डबे दाखवा.

• आधी तपासणी : बी-१२, व्हिटॅमिन डी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, लिथियम घेणाऱ्यांनी त्याची पातळी, मूत्रपिंड आणि कॅल्शियमही.

• डॉक्टरांच्या संमतीने नवीन पूरक सुरू करायचे तर एका वेळी एकच. रोज झोपेचे तास आणि मनःस्थिती वहीत लिहा.

• झोप कमी होऊनही उत्साह वाढतो आहे असे दिसले, तर डॉक्टरांना लगेच कळवा. हे बहुधा घरच्यांना आधी दिसते, त्यांचे ऐका.

मानसोपचारतज्ज्ञांनाही एक विनंती आहे. ‘आणखी काय घेता?’ हा प्रश्न प्रत्येक भेटीत, न रागावता विचारा. ओरडा बसेल या भीतीने रुग्ण लपवतात आणि लपवलेली गोळीच गोंधळ घालते.

आणि तुम्हाला, जे हा आजार अंगावर किंवा घरात वागवत आहात : चांगले वाटावे, डोके पुन्हा तल्लख चालावे ही तुमची इच्छा रास्त आहे. ती डॉक्टरांसमोर मोकळेपणाने मांडा. मात्रा बदलता येते, वेळ बदलता येते, औषधही बदलता येते. डॉक्टर ऐकून घेत नसतील तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, पण उपचार सोडू नका. कुठे जावे हे सुचत नसेल, किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालू असतो. तिथे मराठीत बोलता येते.