पणजोबांची तिथी

सातारा-रत्नागिरीकडच्या एखाद्या घरात पणजोबांचे श्राद्ध सर्वपित्री अमावास्येलाच होते. पहिल्या महायुद्धात ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेले आणि परतलेच नाहीत. मग तिथी कुणाला ठाऊक असणार?

शोधाची सुरुवात ट्रंकेतल्या पदकापासून करावी. त्याच्या काठावर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. (पदक कुणी मोडीत विकले असेल तर काम अवघड!) पुढचा टप्पा राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाचा. १९१७ साली स्थापन झालेल्या या आयोगाच्या नोंदी आता इंटरनेटवर फुकट पाहता येतात. आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग मात्र दोन-चार प्रकारे करून पाहावे.

समाधी सापडण्याची आशा फारशी धरू नये. हिंदू शिपायांचे दहन होई, त्यामुळे त्यांची आठवण स्मारकांवरच राहिली. तीही सारखी नाही. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या सोजिरांची नावे कोरली, साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या! अशा भेदभावाबद्दल आयोगाने २०२१ साली माफी मागितली.

नोंदीत मृत्यूची तारीख असते, काहींत वडिलांचे नाव आणि गावही. तारीख हाती आली की त्या वर्षाचे जुने पंचांग काढायचे. मग पितृपक्षात पणजोबांचे पान त्यांच्या तिथीला वाढता येते.