नर्सिंगचे पुढचे शिक्षण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दौंड-शिरूरच्या पट्ट्यात बी.एस्सी. नर्सिंग झालेली मुलगी किंवा मुलगा आता नवलाईचा राहिलेला नाही. पाटससारख्या महामार्गावरच्या गावातून पुणे साठेक किलोमीटरवर आहे. तिथल्या रुग्णालयांत नोकरी मिळते, पगार सुरू होतो आणि घरच्यांच्या लेखी शिक्षण संपते. अशा घरात कुणी 'अजून दोन वर्षे शिकायचे आहे' म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कॉलेजात शिकवायला जाणार का? दुसरा प्रश्न थोडा कुत्सित असतो: म्हणजे डॉक्टर होणार का? या दोन प्रश्नांच्या पोटात नर्सिंगच्या पदव्युत्तर शिक्षणाविषयीचे बहुतेक गैरसमज आहेत. नर्सने रुग्णाजवळ राहून अधिक जाणती व्हावे, त्यासाठी वेगळा अभ्यास करावा आणि त्या अभ्यासाला साजेसे काम तिला मिळावे, ही शक्यताच दोन्ही प्रश्नांत गृहीत धरलेली नाही.

पहिला समज निराधार नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. एम.एस्सी. नर्सिंग हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम महाराष्ट्रात नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत चालतो. वैद्यकीय-शल्यक्रिया, बालआरोग्य, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य या त्याच्या परिचित शाखा आहेत. ही पदवी घेतलेल्यांची मोठी वाट आजवर नर्सिंग कॉलेजांकडे गेली, कारण अध्यापकाच्या पदासाठी ती लागते आणि वॉर्डात तिचे वेगळे मोल होत नाही. सरकारी रुग्णालयातली शिडी पाहा. अधिपरिचारिका, मग परिसेविका, मग अधिसेविका. जसजसे वर जावे तसतसे ड्युटीचे तक्ते, भांडारातला हिशेब आणि देखरेख वाढते, रुग्ण मागे पडतो. तेव्हा दोष शिकणाऱ्यांचा नाही. पण यावरून पुढचे नर्सिंग शिक्षण म्हणजे शिक्षकाचे शिक्षण असा निष्कर्ष काढला, तर २०१६ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलने आखलेला 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' हा अभ्यासक्रम समजणारच नाही. तोही पदव्युत्तर आणि दोन वर्षांचाच आहे. मात्र त्याची घडण निवासी प्रशिक्षणाची आहे: बी.एस्सी. नर्सिंग, किमान एका वर्षाचा रुग्णसेवेचा अनुभव आणि प्रवेशानंतर बहुतांश वेळ थेट अतिदक्षता विभागात.

या अभ्यासक्रमाचा गाभा तीन विषयांचा आहे: प्रगत विकृतिशरीरक्रिया म्हणजे आजारात शरीर आतून कसे बिघडते, प्रगत औषधशास्त्र आणि प्रगत शारीरिक तपासणी. अमेरिकेतल्या प्रगत परिचर्या शिक्षणातही हेच तीन विषय पाया मानले जातात. नावे ऐकून कुणाला वाटेल की बी.एस्सी.चीच पुस्तके जरा जाड करून पुन्हा वाचायची. फरक कुठे पडतो ते आपल्याच भागातल्या एका आजारावरून पाहू.

उसाच्या हंगामात तोडणी कामगार फडाजवळच्या कोप्यांत जमिनीवर झोपतात. मण्यार रात्री चावते. दंश बरेचदा दुखत नाही, सूज जवळपास नसते. माणूस पहाटे उठतो तो पोटात दुखते म्हणून किंवा पापण्या जड झाल्या म्हणून. रात्रपाळीच्या नर्सने 'पोटदुखी' अशी नोंद करून त्याला बाकावर बसवले, तर तास-दोन तासांत त्याचा श्वास थांबू शकतो. प्रगत तपासणी शिकलेली नर्स पापण्या पाहते, मान उचलायला सांगते, एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते मोजून घेते आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा मोजते. आकडा घसरत चालला असेल तर छातीचे स्नायू थकत चालले आहेत, हे तिला यंत्राविना कळते. नाग आणि मण्यार दोघांच्याही विषाने पापण्या पडतात, पण नागाचे विष मज्जातंतू व स्नायू यांच्या सांध्यावर स्नायूच्या बाजूला अडथळा आणते आणि मण्यारीचे प्रामुख्याने मज्जातंतूच्या टोकालाच इजा करते. म्हणूनच निओस्टिग्मिनचे इंजेक्शन नागदंशात उपयोगी पडते, मण्यारदंशात त्याचा भरवसा कमी. शरीर कसे बिघडले हे कळल्याशिवाय औषध का चालले नाही हे कळत नाही, आणि ते न कळणारी नर्स वाट पाहत बसते. कळणारी नर्स हाताने श्वास देण्याची अँब्यू बॅग जवळ ठेवते आणि व्हेंटिलेटर कुठे मिळेल याची विचारणा सुरू करते.

घोणस किंवा फुरसे चावले असेल तर चाचणी वेगळी. दोन मिलिलीटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे हलवायचे नाही आणि मग नळी तिरकी करून पाहायची. रक्त पातळच राहिले तर गोठण्याची क्रिया बिघडली आहे. नळी काचेचीच का? कारण काचेचा स्पर्श गोठण्याला चालना देतो. प्लॅस्टिकची नळी किंवा साबणाने धुतलेली नळी फसवे उत्तर देऊ शकते. प्रतिविष दिल्यावर पुढची चाचणी सहा तासांनी का? कारण प्रतिविष विषाला निकामी करते, पण खर्ची पडलेले गोठण घटक यकृताला नव्याने तयार करावे लागतात आणि त्याला वेळ लागतो. ही 'का'ची उत्तरे या अभ्यासक्रमाचा खरा मजकूर आहेत. चाचणी कशी करायची ते सहा दिवसांत शिकवता येईल. तिचे उत्तर कधी खोटे असू शकते हे ओळखायला वर्षे लागतात.

इथेच 'अर्धा डॉक्टर' हा दुसरा गैरसमज तपासता येतो. प्रतिविष द्यायचे की नाही हा निर्णय वरच्या उदाहरणातही डॉक्टरचाच आहे. भारतात नर्स प्रॅक्टिशनरला स्वतःच्या नावाने हवे ते औषध लिहून देण्याचा मोकळा परवाना कोणत्याही पदवीने मिळत नाही. संस्थेने मान्य केलेल्या कार्यपद्धती आणि स्थायी आदेश यांच्या चौकटीत ती काम करते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ च्या कलम ३२ ने 'सामुदायिक आरोग्य प्रदाता' म्हणून मर्यादित परवान्याची तरतूद केली, तीही बेतशीर: प्राथमिक आणि प्रतिबंधात्मक सेवेपुरती ठरावीक औषधे स्वतंत्रपणे, बाकी सारे डॉक्टरच्या देखरेखीखाली. तेव्हा नर्सेस डॉक्टरांची जागा बळकावतील ही भीती कायद्याच्या मजकुरात सापडत नाही. उलट पहाटे तीन वाजता पापणी पडलेली पहिल्यांदा नर्सलाच दिसते आणि डॉक्टरला उठवायचे की नाही हा निर्णय ती आजही घेते. तो निर्णय आज अनुभवाच्या आणि अंदाजाच्या भरवशावर होतो आणि त्याची नोंद कुठे राहत नाही. शिक्षणाने त्याला आधार आणि उत्तरदायित्व मिळते.

जगातला अनुभवही हेच सांगतो. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड ही सार्वजनिक आरोग्य परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी पहिला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम सुरू केला. एक नर्स आणि एक डॉक्टर यांनी मिळून तो रचला, ही गोष्ट इकडच्या वादात विसरली जाते. २००० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात न्यू यॉर्कमधल्या १,३१६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, यादृच्छिकपणे झाली होती: काही नर्स प्रॅक्टिशनरकडे, काही डॉक्टरकडे. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांच्या आरोग्यात लक्षणीय फरक आढळला नाही. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्याने अशा अठरा चाचण्या एकत्र तपासल्या. प्राथमिक सेवेत प्रशिक्षित नर्सेसचे निकाल डॉक्टरांइतकेच किंवा किंचित चांगले असावेत, रुग्णांचे समाधान जास्त आणि प्रत्येक भेटीला लागणारा वेळही थोडा जास्त, असे त्याचे म्हणणे आहे. मात्र हा पुरावा प्राथमिक सेवेचा आहे आणि बहुतेक श्रीमंत देशांतला आहे. तो जसाच्या तसा आपल्या अतिदक्षता विभागाला लावता येणार नाही. काम नेमके ठरवून दिले, त्यासाठी पुरेसे शिकवले आणि मागे डॉक्टर उभा असला तर सेवेचा दर्जा घसरत नाही, एवढे त्यातून निश्चितपणे घेता येते.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप डॉक्टरांच्या अभिमानाशी संबंधित नाही. तो असा: शहरातल्या श्रीमंताला तज्ज्ञ डॉक्टर आणि पाटसच्या ऊसतोड कामगाराला नर्स, ही दुय्यम दर्जाची सेवा नव्हे का? प्रश्न रास्त आहे, आणि डॉक्टरांच्या रिक्त जागा तशाच ठेवून त्यावर नर्सचे पांघरूण घालणार असू तर त्याचे उत्तर 'होय' असेच आहे. पण महाराष्ट्राचा इतिहास दुसरी बाजूही दाखवतो. शिरूर तालुक्यातल्याच वढू बुद्रुक इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले आणि गावातल्याच लोकांना आरोग्याचे धडे दिले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला आणि जंतुसंसर्गात इंजेक्शन द्यायलाही शिकवले. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. दोन्ही ठिकाणी काम मर्यादित होते, शिकवणी काटेकोर होती आणि देखरेख सतत होती. अल्पशिक्षित स्त्रीला नेमके शिकवून इतके साधत असेल, तर चार वर्षांची पदवी आणि अनुभव असलेल्या नर्सला अधिक शिकवण्याला 'दुय्यम' म्हणणे टिकत नाही. दुय्यम सेवा अर्धवट शिक्षणातून येते.

म्हणूनच आणखी एक गल्लत दूर करायला हवी. आरोग्यवर्धिनी केंद्रांत, म्हणजे आजच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत, समुदाय आरोग्य अधिकारी असतात. त्यांच्यासाठी सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आला आणि नर्सेसबरोबर आयुर्वेद पदवीधरही त्यात आले. काम मोलाचे आहे: रक्तदाब, मधुमेह, गरोदरपणाची तपासणी, वेळेवर पुढे पाठवणे. पण सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आणि दोन वर्षांची निवासी पदव्युत्तर पदवी एकाच मापाने मोजता येत नाही. तसेच २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांतून आलेले अठरा महिन्यांचे प्रसूती-परिचर्या प्रशिक्षणही वेगळे. त्याचा रोख सामान्य बाळंतपण दाईपणाच्या शास्त्राने, अनावश्यक हस्तक्षेप टाळून करण्यावर आहे. तिन्हींना सरसकट 'नर्सचा पुढचा कोर्स' म्हटल्याने पालकांची फसगत होते आणि जाहिरात करणाऱ्यांचे फावते.

संशोधन, सिद्धांत, नेतृत्व हे विषय वॉर्डात निरुपयोगी, अशी तक्रार विद्यार्थीच करतात. पुन्हा फडातला रुग्ण घ्या. तो पायाला करकचून दोरी बांधून येतो, कारण पिढ्यान्‌पिढ्या तसेच सांगितले गेले. आवळपट्टी अपायकारक आहे आणि आलेली पट्टी एकदम सोडणेही धोक्याचे, तयारी ठेवून सोडावी लागते, हे आज मार्गदर्शक सूचनांत आहे. तिथवर ते पुराव्याची छाननी करूनच पोचले. ती छाननी वाचता येणारी नर्स वॉर्डातली चुकीची सवय मोडू शकते, आणि 'नेतृत्व' या विषयाचा उपयोग तिथे होतो: वरिष्ठांसमोर ते मांडता येणे.

नर्सेस आधीच कमी, त्यांतल्या हुशार दोन वर्षे काढून नेल्या तर वॉर्ड कोण सांभाळणार, हा आक्षेप मात्र पुराव्यासह घ्यावा लागतो. २०१४ च्या लॅन्सेटमधल्या नऊ युरोपीय देशांच्या अभ्यासात दोन्ही गोष्टी दिसल्या: नर्समागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढली, आणि पदवीधर नर्सेसचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले की ती ७ टक्क्यांनी घटली. संख्या आणि शिक्षण दोन्ही हवे. एकाच्या नावाखाली दुसरे नाकारता येत नाही. शिवाय नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम निवासी आहे, त्यातली नर्स दोन वर्षे रुग्णसेवेतच असते. घोडे अडते ते पदावर. शिकून आल्यावर यवतच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात तिला पुन्हा जुन्याच तक्त्यात, जुन्याच पगारावर बसवले, तर ती परदेशाचा रस्ता धरेल. १९४७ चा जुना नर्सिंग कायदा बाजूला सारण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसाविका आयोगाचा कायदा केला. नर्स प्रॅक्टिशनरचे पद, अधिकार आणि वेतनश्रेणी राज्याच्या सेवेत स्पष्ट करण्याची हीच वेळ आहे.

परदेशाबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. इथली पदवी दाखवून अमेरिकेत थेट नर्स प्रॅक्टिशनर होता येत नाही. आधी एन्क्लेक्स परीक्षा देऊन तिथली नोंदणीकृत नर्स, मग तिथला मान्यताप्राप्त पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि प्रमाणन, असा लांबचा रस्ता आहे. याउलट सांगणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. आणि इथे प्रवेश घेणार असाल तर शुल्क भरण्यापूर्वी त्या वर्षीची कौन्सिलची मान्यता स्वतः तपासा. प्रशिक्षण कोणत्या रुग्णालयात, अतिदक्षता विभागात किती खाटा, शिकवणारे डॉक्टर आणि वरिष्ठ नर्स कोण, रात्रपाळी किती, हे लेखी विचारा. या प्रश्नांची उत्तरे न देणाऱ्या संस्थेत जाऊ नका.