सातबारा गेला, ऊस उभाच

संगमनेरच्या एका वाचकाने विचारलं आहे : घरच्या संगणकातली दुसरी हार्ड डिस्क विंडोजला धक्का न लावता फॉरमॅट कशी करावी? आणि ती विकली, तर आतले फोटो खरंच पुसले गेलेले असतात का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण विज्ञान तिथे आहे. आपण नेहमी करतो ते क्विक फॉरमॅट माहिती पुसतच नाही. समजा, श्रीगोंद्याकडच्या एखाद्या गावात तलाठ्याच्या दप्तरातले सातबारे आणि गावनकाशा एका रात्रीत नाहीसे झाले. म्हणून शिवारातला ऊस उपटला जात नाही. कोणत्या गटात कोणाचा ऊस, हे सांगणारा कागद तेवढा गेला. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत हे दप्तर म्हणजे मास्टर फाइल टेबल. क्विक फॉरमॅट ते नव्याने कोरं मांडतं आणि सगळी जमीन पडीक म्हणून नोंदवतं. म्हणून तर १ टीबीची डिस्क काही सेकंदांत रिकामी दिसते! रिकव्हरी सॉफ्टवेअर मग बांधाबांधाने फिरतं. प्रत्येक जेपीईजी फोटोच्या आरंभी ‘एफएफ डी८’ ही ठरलेली खूण असते. ती सापडली की फोटो सापडला. त्याच जागी नवी फाइल लिहिली गेली, तर मात्र नांगर फिरला म्हणायचा.

एमआयटीतल्या सिमसन गारफिंकल आणि अभि शेलट यांनी जुन्या बाजारातून १५८ डिस्क विकत घेऊन तपासल्या. २००३ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला : चालू निघालेल्या १२९ डिस्कपैकी नीट पुसलेल्या अवघ्या १२ होत्या.

मग ३५ वेळा पुसून देणारं सॉफ्टवेअर घ्यावं का? मुळीच नको. हा आकडा न्यूझीलंडच्या पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या निबंधातला. त्या काळी डिस्कवर माहिती लिहिण्याच्या अनेक पद्धती होत्या आणि त्या सगळ्यांसाठी मिळून ती यादी होती. कुठल्याही एका डिस्कला ३५ फेऱ्या कधीच लागत नव्हत्या. लोकांनी यादीचा मंत्रतंत्र केला, असं पुढे गुटमन यांनीच लिहिलं. विक्रेते मात्र तो आकडा अजून मिरवतात. आजच्या फिरत्या डिस्कवर सगळीकडे एकदा शून्यं लिहिली की पुरे. विस्टापासून पुढचं विंडोज ‘क्विक फॉरमॅट’समोरची खूण काढल्यावर नेमकं हेच करतं. सेकंदाला १५० एमबी वेग धरला, तर १ टीबीला जवळपास दोन तास. मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणून लोडशेडिंगची वेळ टाळावी.

आता पहिला प्रश्न. चालू विंडोज स्वतःची सी ड्राइव्ह फॉरमॅट करू देत नाही. धोका आहे तो डी आणि ई यांच्या गफलतीचा. अनेक घरांत डी म्हणजे वेगळी डिस्क नसते, सी असलेल्या डिस्कचाच तो तुकडा असतो. म्हणून अक्षरावर विसंबू नये. आधी पेन ड्राइव्ह आणि जादा डिस्क काढून ठेवाव्यात. डिस्क मॅनेजमेंट उघडून खालच्या पट्ट्यांत डिस्क ०, डिस्क १ यांचा आकार पाहावा आणि हव्या त्या ड्राइव्हला ‘जुनी’ असं नाव द्यावं. हवं ते सगळं दुसरीकडे कॉपी करावं आणि त्या कॉपीतल्या चार फाइल उघडून पाहाव्यात. मगच फॉरमॅट. संगणकातच राहणाऱ्या डिस्कला एनटीएफएस, इकडेतिकडे न्यायच्या डिस्कला एक्सफॅट. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, तेव्हा लग्नाच्या व्हिडिओला ते कामाचं नाही.

एसएसडीचं गणित उलटं. तिथे क्विक फॉरमॅटनंतर विंडोज ‘ट्रिम’चा आदेश देतं आणि चिप मोकळ्या जागा आतल्या आत साफ करायला घेते. चुकून झालेलं फॉरमॅट तिथे बहुधा परत फिरत नाही. विकायची असेल, तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं सिक्युअर इरेज वापरावं.

हे सारं घरापुरतं नाही. आपल्या जिल्ह्यातल्या पतसंस्था, शाळा, दवाखाने यांच्या जुन्या संगणकांत सभासदांचे आधार-पॅन, मुलांचे फोटो, रुग्णांचे रिपोर्ट असतात. काम संपलेली माहिती पुसण्याची जबाबदारी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संस्थांवर टाकली आहे. त्यासाठी महागडं काही लागत नाही. भंगारात देण्याआधी जुनी डिस्क काढावी, दुसऱ्या संगणकाला जोडावी, क्विकची खूण काढावी आणि ते दोन तास तिला द्यावेत.